अकरा इंचांची पायरी

ताईची उंची पाच फूट अकरा इंच आणि तिच्या आईची चार फूट दहा. दोघी रस्त्यानं बरोबर निघाल्या की ताईच्या एका पावलाला आईची दोन पडायची. बोलायचं झालं तर आईनं मान वर करायची आणि ताईनं खाली घालायची, हे इतकं अंगवळणी पडलेलं, की दोघींना त्यात काही वेगळं वाटायचं नाही. शाळेत ताईला ‘ताडमाड’ म्हणून चिडवायचे. पुढे ती इस्पितळात फिजिओथेरपिस्ट झाली, लोकांचे आखडलेले खांदे आणि रुसलेले गुडघे ताळ्यावर आणू लागली, तेव्हा ते नाव आपोआप गळून पडलं. पेशंटांपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला नुसतं ताई म्हणायला लागले.

वय त्रेचाळीस. लग्न केलेलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, “बघायला आलेले सगळे, माझ्या शेजारी उभं राहायची वेळ आली की, खुर्चीत बसून घ्यायचे. मग मीच म्हटलं, बसा.” वडील विजेच्या खांबांवर चढून तारा दुरुस्त करायचे, ती कॉलेजात असतानाच ते गेले. आईनं पोस्टाच्या खिडकीमागे बसून तिकिटं आणि मनिऑर्डरी करत घर ओढलं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी तिची खिडकीची सवय सुटली नव्हती. एक काम उरकलं की ती जोरात म्हणायची, “पुढचा!”

ताईच्या नोकरीतली गंमत अशी, की दिवसभर ती लोकांना सांगायची, “कंबरेत वाकू नका, पाठ सरळ ठेवा,” आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतः ओट्यापाशी कमरेत दुमडायची. घराचा ओटा कुठल्याशा बांधकामवाल्यानं बाहुलीसाठी घातल्यासारखा बुटका होता. आईला तो अगदी मापाचा. ताई मात्र पाच मिनिटं भाजी चिरायची आणि दहा मिनिटं पाठ धरून भिंतीला टेकायची. शेवटी आईनं तिला स्वयंपाकघरातून हद्दपार केलं. “तू वाकलीस की मला बघवत नाही. बाहेर बस आणि गप्पा मार.” मग ताई दारात खुर्ची टाकून बसायची, आणि आई तिच्याकडे पाठ करून रांधायची. अशी एकोणीस वर्षं गेली.

एके दिवशी घरमालकाचं पत्र आलं. त्याची मुलगी संसारासह परत येणार होती, तिला ही जागा हवी होती. दोन महिन्यांत खाली करा. माणूस भला होता, पत्रात दोनदा माफी मागितलेली. आईनं पत्र घडी घालून पाकिटात ठेवलं, पाकिटावरचं तिकीट सवयीनं तपासलं आणि म्हणाली, “चला. पुढचा.”

ताई मात्र घाबरली नाही, उलट तिला हुरूप आला. त्रेचाळीस वर्षांत तिनं स्वतः पसंत केलेलं असं एकही घर नव्हतं. पहिलं बाबांना कामावरून मिळालेलं, दुसरं आईनं ऑफिसजवळ म्हणून घेतलेलं. आता निवड तिच्या हातात होती. दुसऱ्या दिवशी तिनं पर्समध्ये मोजपट्टी टाकली आणि इस्पितळातून सुटल्याबरोबर दलालाकडे गेली.

दलाल पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, तोंडात साखर असलेला माणूस. कुठल्याही जागेचं दार उघडलं की तो आत पाय ठेवायच्या आधीच म्हणायचा, “एक नंबर!” म्हणून आईनं त्याचं नावच एकनंबर ठेवलं. पहिल्याच दिवशी जिना चढताना तो कठड्याला लोंबकळत चढतोय हे ताईच्या नजरेनं टिपलं.

“उजवा गुडघा?” तिनं विचारलं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“कळायला काय, तो ओरडतोय. थांबा इथंच, पायरीवर टाच टेका.”

आणि तिथं, अनोळखी इमारतीच्या जिन्यात, तिनं त्याला मांडीचा व्यायाम शिकवला. एकनंबर त्या दिवसापासून तिचा झाला. इतर गिऱ्हाइकांना तो तीन जागा दाखवून कंटाळायचा. ताईला त्यानं सोळा दाखवल्या.

आणि काय एकेक जागा! एका घरात फ्रीज ठेवायला जागा एकच, बैठकीच्या खोलीत, आणि त्याचं दार उघडलं की घराचं मुख्य दार उघडत नव्हतं. “म्हणजे पाहुणा आला की दूध बाहेर काढायचं नाही,” आई म्हणाली. दुसऱ्या घरात न्हाणीचं दार आत उघडायचं, आणि ते लावण्यासाठी माणसाला आधी कमोडवर चढावं लागायचं. आई चढली, दार लावलं, आतून म्हणाली, “जमतंय गं!” ताई गेली तर तिचं डोकं छताला, गुडघे दाराला आणि फवारा गळ्यापाशी. तिला बाहेर काढायला एकनंबरला बिजागरीचा खिळा उपटावा लागला. तिसऱ्या घराची झोपायची खोली शेजारच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला इतकी खेटून होती, की आई पडद्याची लांबी मोजत असताना पलीकडची बाई कढई ढवळत म्हणाली, “निळा लावा. आधीच्यांचा पिवळा होता, फार उजेड यायचा आमच्याकडे.” आणखी एका घराचा दिवाणखाना त्रिकोणी होता, त्यात पलंग कसाही लावला तरी झोपणाऱ्याचे पाय बाहेरच्या गॅलरीत.

चौदावं घर मात्र खरंच बरं होतं. उजेड भरपूर, नळाला जोर, समोर लहान मुलांचं पाळणाघर, खाली दवाखाना. फक्त आतल्या बोळात सामानासाठी काढलेला माळा साडेपाच फुटांवर होता. ताई पहिल्यांदा गेली तेव्हा कपाळ आपटलं. परत येताना लक्षात ठेवून वाकली, आणि सरळ होताना डोक्याची मागची बाजू आपटली.

“पुढचा,” आई म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. दीड महिना संपत आला होता.

“मालक म्हणतो माळा तोडू देणार नाही,” एकनंबर कान खाजवत म्हणाला. “पण ताई, तुम्ही म्हणत असाल तर मी स्वतः हातोडा घेऊन येतो.”

घरी येताना ताईनं कपाळावर थंड पाण्याची बाटली धरली होती, तरी तिचं डोकं भराभर चालत होतं. आई मात्र बसच्या खिडकीतून बाहेर बघत होती. मध्येच म्हणाली, “तू एकटी असतीस तर कधीच मिळालं असतं तुला. उंच ओट्याची घरं आहेत की. माझ्यामुळं अडतंय.”

“आणि तू एकटी असतीस तर पहिल्या दिवशीच मिळालं असतं,” ताई म्हणाली. “मग काय, दोन घरं घ्यायची का?”

आई हसली.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी एकनंबरचा फोन आला. आवाजात ‘एक नंबर’चा पत्ता नव्हता. “ताई, एक जागा आहे. खरं सांगायचं तर ती आधीच एका जोडप्याला ठरलीय. पण त्याच इमारतीत वरची एक रिकामी होणार आहे पुढे. येऊन इमारत तर बघा.”

इमारत कोपऱ्यावर होती. एक जुनी, तिला खेटून दहा वर्षांनी बांधलेली नवी, आणि दोन्ही मिळून एक केलेल्या. बांधणाऱ्यांनी जोडताना मजल्यांच्या उंचीचा हिशेब केला नव्हता, त्यामुळं नवा भाग जुन्यापेक्षा अकरा इंच खाली राहिला होता. बाकीच्या बिऱ्हाडांची मधली भिंत त्या सांध्यावरच आली, म्हणून त्यांचं निभावलं. तिसऱ्या मजल्यावरचं एक घर मात्र अर्धं इकडे अर्धं तिकडे असं पसरलं होतं.

त्या घराच्या दारासमोर वाळूची पोती रचली होती. एक गवंडी, पांढऱ्या मिशांचा आणि पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, जिन्याच्या वळणावर लोखंडी पत्र्यावर सिमेंटचा माल कालवत बसला होता.

“हेच ते ठरलेलं घर,” एकनंबर म्हणाला. “पायरी भरून जमीन सपाट करतायत. आपण वरचं बघू.”

“दार उघडंच आहे,” ताई म्हणाली. “नुसतं डोकावते.” सोळा घरं बघितल्यावर माणसाला उघडं दार सोडवत नाही.

बाहेरची खोली ठीक होती. आतली ठीक होती. स्वयंपाकघराच्या दारात ताई थबकली. जमीन मधोमध तुटली होती. डावी अर्धी वर, उजवी अर्धी अकरा इंच खाली, जणू कुणी खोली मधून कापून एक तुकडा घसरू दिला होता. आणि समोरच्या भिंतीला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओटा मात्र एका सरळ रेषेत. घालणाऱ्यानं जमिनीकडे बघितलंच नव्हतं. त्यानं आपली दोरी धरली आणि काळा दगड ठोकून दिला.

आई वरच्या अर्ध्या भागातून ओट्यापाशी गेली आणि दगडावरून हात फिरवू लागली. ताई नळ बघायला खाली उतरली. नळ उघडला, पाण्याला जोर होता, तिनं हाताची ओंजळ धरली. मग दुसरा हात. मग काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय चुकलंय ते तिला पटकन कळेना. पाठीत कुठं ओढ नव्हती. मान कुठं मोडलेली नव्हती. ती सरळ उभी होती. ओटा तिच्या कोपराच्या जरा खाली, जिथं असायला हवा तिथंच होता.

तिनं मोजपट्टी काढली. तिच्या बाजूनं चाळीस इंच. ती वाकून आईच्या पायांपाशी पोचली आणि तिथून मोजलं. एकोणतीस.

“काय गं?” आई म्हणाली. ती बोलायला वळली आणि सवयीप्रमाणे मान वर केली. समोर कुणी नव्हतं. ती ताईच्या केसांवरच्या हवेशी बोलत होती. मग तिची नजर हळूहळू खाली आली, आणि ताईच्या डोळ्यांपाशी येऊन थांबली. समोरासमोर. दोन इंचांचा काय तो फरक.

“अगंबाई,” आई म्हणाली.

“आई, हलू नकोस! आहेस तिथंच उभी राहा!”

“हलतेय कशाला मी? अगं, तुझं तोंड इथं आहे!”

ताईला एकदम हसू फुटलं. तिनं ओट्यावर दोन्ही हात आपटले. “हेच! आई, हेच घर!”

नेमक्या त्याच वेळी गवंडी दारात आला, एका हातात थापी, दुसऱ्यात विटांच्या तुकड्यांचं घमेलं. “बाई, जरा बाजूला व्हा. भराव टाकायचाय.”

“थांबा!” ताई इतक्या जोरात ओरडली की गवंड्याचं घमेलं कलंडलं आणि चार तुकडे खडखडत खालच्या भागात गेले. “एक तुकडाही टाकू नका!”

“माल कालवलाय मी,” गवंडी म्हणाला. “तो माझ्यासाठी थांबत नसतो. तासाभरात दगड होतोय.”

“मालकीण कुठं आहेत?”

मालकीणबाई तळमजल्यावर राहायच्या. निवृत्त गणिताच्या शिक्षिका, ताठ, चष्मा नाकाच्या टोकावर. ताई तीन जिने दोन-दोन पायऱ्या गाळत उतरली, तिच्या मागं एकनंबर, गुडघा विसरून, आणि सगळ्यात मागं आई, “अरे, मला पण येऊ द्या!” म्हणत.

मालकीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “आतापर्यंतच्या पाच भाडेकरूंपैकी चौघं त्या पायरीवरून पडले. एकाचा दात गेला. पाचवा पडला नाही, कारण तो स्वयंपाकघरात जायचाच नाही. मी ते भरून घेणार. आणि त्या जोडप्याला मी शब्द दिलाय. त्यांचं बाळ सहा महिन्यांचं आहे, रांगायला लागेल. सपाट जमीन म्हणून तर त्यांनी घेतलंय.”

ताईची सगळी हवाच गेली. रांगणारं बाळ. तिला ते बाळ त्या पायरीच्या कडेवरून पडताना दिसलं.

पुढे झाली ती आई. पोस्टात तीस वर्षं तिनं लोकांचे तंटे-बखेडे मिटवले होते. “बाई,” ती म्हणाली, “त्यांना काय हवंय? बाळासाठी सपाट जमीन. बरोबर? आणि दवाखाना जवळ असला तर?”

“तर उत्तमच.”

“आणि समोर पाळणाघर?”

ताई आणि एकनंबर एकाच वेळी एकमेकांकडे वळले. “चौदावं!” दोघं एकदम ओरडले.

“त्या जोडप्याची उंची काय असेल?” ताईनं विचारलं.

मालकीणबाईंनी चष्मा वर सरकवला. असा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नसावा. “तो असेल पाच फूट तीन. ती त्याहून जराशी कमी.”

“साडेपाच फुटांवर माळा!” ताईनं टाळी वाजवली. “केसाला धक्का लागणार नाही!”

एकनंबरनं तिथंच, मालकीणबाईंच्या दारात उभं राहून फोन लावला. आयुष्यात त्यानं एवढं जीव तोडून कुठलीच जागा विकली नसेल. नळाचा जोर सांगितला, उजेड सांगितला, पाळणाघरातल्या बाईंचा स्वभावही सांगितला, जो त्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. पलीकडून बायकोनं विचारलं, आत्ता बघता येईल का? ते जवळच होते, बाळाच्या लशीसाठी बाहेर पडलेले. एकनंबर स्कूटरवर बसला आणि जाताना ओरडला, “ताई, अर्धा तास!”

“माल!” वरून गवंड्याची हाक आली.

तो अर्धा तास ताईनं जिन्यात काढला. एकदा वर जायची, कालवलेल्या मालाकडे बघायची, बोट लावून पाहायची, आणि गवंडी म्हणायचा, “बाई, बोटानं थांबत नाही तो.” मग खाली यायची. आई मालकीणबाईंशी गणिताच्या गोष्टी काढून बसली होती. पोस्टात चुकीची मोड देणाऱ्यांना कसं पकडायचं हे ऐकून मालकीणबाई चक्क हसल्या. तिसऱ्या फेरीला गवंडी म्हणाला, “सांगा काय ते. टाकू का?” ताई म्हणाली, “पाच मिनिटं.” तो म्हणाला, “मघाशी पण पाचच म्हणालात.” पण त्यानं मालावर थोडं पाणी शिंपडलं आणि थापीनं परतत राहिला.

फोन वाजला तेव्हा ताई दुसऱ्या मजल्यावर होती. एकनंबरचा आवाज गल्लीपर्यंत ऐकू जाईल असा. “ताई! एक नंबर! आवडलं त्यांना! ती म्हणते, माळा तर खेळणी ठेवायला लागणारच होता!”

ताईनं धावत खाली येऊन फोन मालकीणबाईंच्या हातात कोंबला. त्या जोडप्याशी दोन मिनिटं बोलल्या, तीनदा “नक्की ना?” विचारलं, आणि फोन परत देत म्हणाल्या, “शब्दातून मोकळी झाले मी. पण पायरीवरून तुमच्यापैकी कुणी पडलं तर माझी जबाबदारी नाही.”

“मी पडले तर ही मला सरळ करेल,” आई म्हणाली. “तिचा धंदाच तो.”

कालवलेल्या मालाचं काय करायचं हा प्रश्न उरलाच होता. मालकीणबाईंना आठवलं, की गच्चीच्या कठड्याला तीन वर्षं भेग होती. गवंडी पुटपुटत घमेली वर नेऊ लागला. ताईनं साडी खोचली आणि दोन घमेली तिनंही उचलली. गुडघ्यातून वाकून, पाठ सरळ ठेवून.

महिन्याच्या पहिल्या तारखेला दोघी राहायला आल्या. पहिल्याच रविवारी सकाळी आईनं वरच्या बाजूला शेगडी मांडली आणि ताईनं खालच्या बाजूला चिरायची फळी. एकोणीस वर्षांनी दोघी एका ओट्यापाशी उभ्या होत्या. ताईला धड कांदा चिरता येत नाही हे आईच्या पाच मिनिटांत लक्षात आलं.

“असा नाही. बोटं आत घे. माझ्याकडे बघ.” आणि ताईनं बघितलं, तर आईचे हात अगदी समोर, नाकाखाली. खुर्चीत बसून तिला इतकी वर्षं फक्त पाठ आणि कोपरं दिसली होती. आई सुरी किती हलकी धरते, मीठ टाकताना चिमूट ओठांपाशी नेऊन हुंगते, हे तिला माहीतच नव्हतं.

“तुझ्या भुवईत पांढरा केस आहे,” आई मध्येच म्हणाली. “कधीपासून?”

“मला काय माहीत? सांगितलं नाहीस कधी.”

“मला दिसायचा कुठून? मला तुझी हनुवटी दिसायची. हनुवटीवर विचार तू, तीळ कुठं कुठं आहेत ते सगळं सांगते.”

इस्पितळातली एक मैत्रीण त्या दुपारी घर बघायला आली आणि स्वयंपाकघरात थेट खालच्या भागात जाऊन आदळली. काही लागलं नाही, पण तिच्या किंकाळीनं मालकीणबाई वर आल्या, आणि काय झालं ते बघायला घाईनं आत शिरल्या त्या स्वतःच धडपडल्या. ताईनं त्यांना वरच्यावर झेललं. संध्याकाळी आई बाजारातून पिवळ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन आली. तिनं पायरीच्या कडेवर बसून, ती लांबूनच दिसावी म्हणून, एक जाड रेघ ओढली, भिंतीपासून ओट्यापर्यंत, ब्रश धुतला, आणि मग म्हणाली, “आता मुळा चिर. पातळ चिर हं. कांद्यासारखे ठोकळे केलेस तर मी खाली उतरून येईन.”